नदीकाठचं संत्रं, बरडावरचं संत्रं : नवशिक्यांसाठी तुलनेची मार्गदर्शिका

सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दरसाल एक साथ येते. प्रकल्पाची तारीख डोक्यावर येते, विषय सुचत नाही, आणि घरामागे संत्र्याची बाग उभी असते. मग विषय आपोआप ठरतो : ‘दोन बागांतील संत्र्यांच्या वजनाचा तुलनात्मक अभ्यास’. एक बाग जाम नदीच्या काठची, दुसरी वर बरडावरची. कोणत्या बागेचं संत्रं जड, हे संख्याशास्त्राने सिद्ध करायचं. संख्याशास्त्र म्हणजे काय ते प्रकल्प संपल्यावर पाहता येईल.

अशा सर्वांसाठी ही मार्गदर्शिका. हिच्यातल्या काही सूचना पाळायच्या आहेत आणि काही पाळायच्या नाहीत. कोणत्या कोणत्या ते वाचकाने ओळखावं.

साहित्य

एक डिजिटल काटा. किराणा दुकानातला चालेल, पण दोन्ही बागांना तोच वापरा. नदीकाठची संत्री मामाच्या काट्यावर आणि बरडावरची कॉलेजच्या काट्यावर जोखलीत, तर तुलना काट्यांची होईल. वही, पेन्सिल, जुन्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या चिठ्ठ्या. गोडीही पाहायची असेल तर रिफ्रॅक्टोमीटर. आणि दोन बागा, मालकांसकट. मालक विचारतील, “काहून मोजून राह्यला गा? खाऊन पाय ना!” या आक्षेपाला शास्त्रीय उत्तर नाही. आधी खा, मग मोजा.

दोन्ही बागांचा बहार एकच असला पाहिजे. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या मागेपुढे उतरू लागतो. मृग जून-जुलैत फुलतो आणि त्याची तोडणी फेब्रुवारी-मार्चला येते. एका बागेतला आंबिया आणि दुसरीतला मृग तराजूत घातलात तर जो फरक येईल तो मातीचा, की पावसाचा, की थंडीचा, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. कलमांचंही तसंच. एका बागेतली कलमं जंबेरीच्या खुंटावर, दुसरीतली रंगपूर लिंबाच्या, एक बाग सहा वर्षांची, दुसरी सोळा, आणि अहवालाचं नाव मात्र ‘जमिनीचा परिणाम’. असे अहवाल पुष्कळ आहेत. त्यांची बांधणी सुबक असते.

पायरी पहिली : निष्कर्ष आधी ठरवून घ्या

नदीकाठची बाग मामांची आहे, तेव्हा नदीकाठचं संत्रं जड निघणार. हे सुरुवातीलाच नक्की केलं की पुढचे कष्ट वाचतात. प्रस्तावना लगेच लिहिता येते, ‘निष्कर्ष’ हे प्रकरणही लिहून होतं. मधली आकड्यांची पानं तेवढी भरायची राहतात.

ज्यांना हा मार्ग रुचत नाही त्यांनी उलट करावं. मोजायला जाण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून तीन गोष्टी लिहाव्यात : काय मोजणार, किती झाडं घेणार, आणि कोणती चाचणी लावणार. हे पान नंतर खोडायचं नाही. एवढं एक पान नीट असलं तर बाकी मार्गदर्शिका वाचली नाही तरी फारसं बिघडत नाही.

पायरी दुसरी : नमुना

नमुना गोळा करण्याच्या आपल्याकडे तीन लोकप्रिय पद्धती आहेत.

पहिली बाजारपद्धत. शनिवारी किंवा मंगळवारी जामसांवलीला जायचं, आडव्या हनुमानाचं दर्शन घ्यायचं आणि परत येताना दुकानातून दोन किलो संत्री घ्यायची. दर्शन होतं, प्रकल्पही होतो. पण दुकानदाराने वरच्या थरात कोणती संत्री रचली आहेत ते त्याला ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं. तुमच्या काट्यावर बाग येतच नाही, दुकानदाराचा हात येतो.

याच जागी नमुन्याचा आणखी एक धडा मिळतो. नवस पूर्ण होतो का, असं मंदिराच्या आवारात विचारत फिरलात तर जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणेल, कारण नवस फेडायला तोच येतो ज्याचा पूर्ण झाला. ज्याचा झाला नाही तो त्या दिवशी घरी असतो, आणि घरी असलेला माणूस नमुन्यात येत नाही. इथे देवावर शंका नाही. विचारणाऱ्याने जागा चुकीची निवडली, एवढंच.

दुसरी बांधपद्धत. गाडी रस्त्यावर लावायची, बांधालगतच्या चार झाडांची फळं तोडायची आणि ऊन चढण्याआधी परत फिरायचं. काठावरच्या झाडाला एका बाजूने शेजारी नसतो. ऊन जास्त, मुळांना जागा जास्त. संत्र्याच्या एकाच झाडावरदेखील बाहेरच्या, उन्हातल्या फांद्यांची फळं आतल्या सावलीतल्या फळांपेक्षा गोड निघतात. म्हणजे बांधावर उभं राहून हात पोचेल ते फळ तोडणारा नकळत बागेतलं सगळ्यात देखणं फळ तोडतो.

काठाच्या या खोडीवर एका मराठी माणसाने लढाई दिली आहे, आणि ती प्रकल्पवाल्या प्रत्येकाला माहीत असावी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि 1940 साली कृषी संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत रुजू झाले. देशात धान्य किती पिकतं हे त्या काळी बहुतेक ठिकाणी नजरेने ठरत असे. गावकामगार शेताकडे बघून पीक इतके आणे आहे असं सांगे, आणि त्या नजरेवर सारा आणि दुष्काळ दोन्ही ठरत. त्याऐवजी शेतं चिठ्ठीने निवडायची, शेतातली जागाही चिठ्ठीने, तिथे मोजून तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, जोखायचा, ही पद्धत सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रांतोप्रांती नेली. महाराष्ट्रात तिला पीक कापणी प्रयोग म्हणतात, आपल्या जिल्ह्यात पटवारी ‘फसल कटाई’ म्हणतो.

तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापत होते. लहान तुकडा स्वस्त पडतो, माणसं कमी लागतात, दिवसात जास्त शेतं होतात. सुखात्मे यांचे तुकडे मोठे, एकराचा ऐंशीवा भाग, म्हणजे साधारण 33 फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद. दोघांचं जमेना. 1946 साली सुखात्मे यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की तुकडा जितका लहान तितका उतारा फुगलेला येतो. कारण साधं आहे. दोरीच्या रेषेवर जे रोप येतं ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की रेषा क्षेत्राच्या मानाने लांब, आणि रेषेवरची रोपं जास्त. कुणी लबाडी करत नसतं. प्रत्येक जण एक-एक ओंबी भरल्या मनाने आत घेतो आणि शेवटी प्रांताचं पीक फुगतं.

बांधावरच्या चार झाडांवर प्रकल्प करणाऱ्याने या वादात आपण कोणत्या बाजूला आहोत ते बघावं. महालनोबिसांच्या बाजूलाही नाही.

तिसरी पद्धत पाहुणचाराची. मामा स्वतः परडी भरून देतात. हिच्याबद्दल काही लिहीत नाही. ती संत्री खावीत.

मग करायचं काय? बागेतल्या झाडांना ओळीने क्रमांक द्या. तेवढ्या चिठ्ठ्या करा. डबा हलवा, डोळे मिटून पाच काढा. 47 क्रमांकाचं झाड डिंक्याने अर्धं वाळलेलं निघालं तरी तेच घ्यायचं. “हे नको, हे रोगट आहे” असं मनात आलं की तिथेच थांबा, कारण पुढच्या बागेत तुम्ही नेमकं तेवढं कडक राहणार नाही. झाडावर कोणती फळं घ्यायची तेही आधी ठरलेलं असावं : चारही दिशांची, आतली आणि बाहेरची, वरची आणि खालची. वरच्या फळांसाठी शिडी लागते. शिडीचा कंटाळा हा जीवशास्त्रातल्या पूर्वग्रहांचा एक मोठा झरा आहे, पण त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

पायरी अडीच : संत्री मोजायची की झाडं?

ही पायरी बहुतेक पुस्तकांत घाईने उरकलेली असते, म्हणून इथे जरा बसू.

पाच झाडं, प्रत्येकाची दहा फळं. वहीत पन्नास आकडे झाले. नवशिका म्हणतो, माझा नमुना पन्नासचा. नाही, तुमचा नमुना पाचचा आहे. एका झाडाची दहा संत्री ही दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच मुळाने त्यांना पाणी पाजलं, एकाच खुंटावर ती वाढली, एकाच कोळशीने ती काळवंडली. एकाच घरच्या दहा माणसांना मत विचारून गावाचं मत मांडणाऱ्यासारखं ते आहे. दहा फळांची सरासरी काढून प्रत्येक झाडाचा एक आकडा करा. दहा फळं घेतल्याचा फायदा एवढाच की तो एक आकडा जास्त भरवशाचा होतो.

आता खरी कटकट. पाच झाडं बागेबद्दल बोलतात. पण अहवालाच्या नावात ‘नदीकाठ’ आणि ‘बरड’ आहे, आणि नदीकाठची बाग तुमच्याकडे एकच, बरडावरचीही एकच. फरक निघाला तरी तो मामा आणि दुसऱ्या मालकातला फरक असू शकतो : कोण ताण नीट देतं, कोण शेणखत टाकतं, कोणाची विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. नदीकाठाबद्दल काही म्हणायचं असेल तर नदीकाठच्या निदान चार-पाच बागा आणि बरडावरच्या तितक्याच हव्यात, आणि मग प्रत्येक बागेचा एक आकडा. एवढा व्याप झेपत नसेल तर अहवालाचं नाव बदलावं. फुकटात होणारी ही सगळ्यात उपयोगी दुरुस्ती आहे आणि ती कुणी करत नाही, कारण नाव आधीच टाइप झालेलं असतं.

पायरी तिसरी : हिशेब

उदाहरणासाठी मनातले आकडे घेऊ, म्हणजे कोणत्याही मामांना राग येणार नाही. प्रत्येक आकडा एका झाडाच्या दहा फळांची सरासरी, ग्रॅममध्ये.

नदीकाठ : 142, 150, 138, 155, 145. सरासरी 146.
बरड : 139, 148, 131, 144, 138. सरासरी 140.

सहा ग्रॅमचा फरक. इथे निम्मे प्रकल्प संपतात. ‘यावरून असे दिसून येते की’ लिहिलं जातं आणि पेढे वाटले जातात. पण नदीकाठच्याच झाडांकडे बघा. 138 पासून 155 पर्यंत, एका बागेत सतरा ग्रॅमची उडी. ज्या बागेतली झाडं आपापसात सतरा ग्रॅमने भांडतात, तिथे दोन बागांमधले सहा ग्रॅम किती मनावर घ्यायचे?

म्हणून पसारा मोजायचा. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, वर्ग करा, बेरीज करा. नदीकाठला 178 येतात, बरडाला 166. पाचाने नाही, चाराने भागा. सरासरी याच पाच आकड्यांतून काढली आहे, त्यामुळे चार आकडे सांगितले की पाचवा आपोआप ठरतो आणि मोकळे चारच उरतात. 44.5 आणि 41.5. दोन्हींचा मध्य 43. आता 43 ला पाचाने भागून दुप्पट करा, 17.2, त्याचं वर्गमूळ 4.15 च्या आसपास. दोन सरासऱ्यांमधला फरक नुसत्या योगायोगाने किती ग्रॅम इकडेतिकडे होतो, त्याचं हे माप. सहाला त्याने भागलं की 1.45. यालाच टी म्हणतात.

टीच्या तक्त्यात आठ मोकळ्या आकड्यांसमोर (चार नदीकाठचे, चार बरडाचे) पाच टक्क्यांची हद्द 2.306 आहे. 1.45 तिच्या जवळपासही नाही. मामा हरले नाहीत, पण जिंकलेही नाहीत.

ज्यांचा तक्त्यावर विश्वास नाही (आणि नसावाच, तक्ता म्हणजे दुसऱ्याने केलेला हिशेब) त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा काढावा. दहाही वजनं दहा चिठ्ठ्यांवर लिहा. बागांची नावं विसरा. पिसा, पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला ठेवा, दोन सरासऱ्यांचा फरक लिहा. असे दोन गट करण्याच्या एकूण 252 रीती आहेत. त्यातल्या 52 रीतींमध्ये सहा ग्रॅम किंवा त्याहून मोठा फरक येतो, कधी या बाजूने तर कधी त्या. म्हणजे माती, नदी, बरड काहीही नसताना, नुसत्या पिसण्याने पाचातून एकदा तुमच्याइतका फरक हाती येतो. पी-व्हॅल्यू म्हणतात ती एवढीच. नदीकाठचं संत्रं जड असण्याची शक्यता ती सांगत नाही, तुमचा प्रकल्प चांगला असल्याचीही नाही. बागांत फरक नसता तरी असे आकडे कितीदा दिसले असते, इतकंच ती सांगते.

चिठ्ठ्या पिसणं पोरकट वाटत असेल तर टी ज्याने काढली त्याने तेच केलं होतं. विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता. जव आणि हॉप्सचे नमुने लहान असत, चार-सहा, आणि तेव्हाचं संख्याशास्त्र शेकड्यांच्या खाली बोलायला तयार नव्हतं. त्याने तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी कार्डांवर लिहिली, पत्ते पिसून चार-चारचे साडेसातशे गट केले, आणि लहान नमुन्याची सरासरी कशी हिंदकळते ते बघितलं. हिशेबाशी ताडून 1908 साली छापलं. कारखाना नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून लेखावर सही ‘स्टुडंट’. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना यापेक्षा जवळचा पूर्वज सापडणार नाही.

आणि पाच टक्केच का? रोनाल्ड फिशरने 1925 च्या पुस्तकात वीसातून एक ही हद्द सोयीची म्हणून सुचवली. सोय होती ती, पुढे लोकांनी तिचा धर्म केला. 0.049 आला की मिरवणूक, 0.051 आला की सुतक.

मोजलेल्या वजनांऐवजी गणती असेल, म्हणजे या बागेत शंभरातली इतकी फळं फळमाशीने डंखलेली आणि त्या बागेत इतकी, तर टी लावू नका, काय-वर्ग चाचणी लावा, पण प्रत्येक फळ वेगळ्या झाडाचं असेल तरच. आणि एकाच झाडाच्या अर्ध्या भागावर फवारणी, अर्ध्यावर नाही, असा प्रयोग असेल तर प्रत्येक झाडाचा फरक काढून जोडीची टी लावा. झाड आपलं आपल्याशीच ताडलं जातं आणि झाडाझाडांमधलं भांडण हिशेबातून निघून जातं. ही सोय दोन वेगळ्या बागांना मिळत नाही. बागांच्या जोड्या लावणं हे नात्यागोत्याचं काम आहे, संख्याशास्त्राचं नाही.

अडचण आल्यास

अडचण म्हणजे निकाल आपल्या बाजूने न येणं. त्यावर परंपरेने चालत आलेले उपाय पुढे देत आहे. परीक्षकांनी हा भाग वाचून ठेवल्यास त्यांचाही वेळ वाचेल.

सोपा उपाय असा : नदीकाठचं 138 ग्रॅमवालं झाड ‘अपवादात्मक’ म्हणून काढून टाका. संत्र्याच्या प्रकल्पाला एक फायदा आहे, पुरावा खाऊन टाकता येतो.

दुसरा, पन्नास फळांना पन्नास नमुने म्हणा. फळाफळांमधला पसारा बारा ग्रॅम धरला तर त्याच सहा ग्रॅमच्या फरकाची टी अडीचवर जाते आणि हद्द दोनच्या आत असते. झाडं पाचच, फरक सहाच, पण निकाल ‘सार्थ’, म्हणजे हद्दीपलीकडचा. पायरी अडीचमध्ये ज्याबद्दल इतकं बोललो ते हेच. परीक्षकांच्या नजरेतून सगळ्यात जास्त सुटतं तेही हेच.

तिसरा, वजन जमलं नाही तर साल किती जाड ते मोजा. तेही जमलं नाही तर बिया, फोडी, रस, आंबटपणा, गोडी, देठाची लांबी. वीस गोष्टी मोजा. बागांत काडीचाही फरक नसला तरी वीस एकमेकींपासून स्वतंत्र गोष्टींतली निदान एक पाच टक्क्यांच्या आत येण्याची शक्यता 64 टक्के आहे. मग अहवालाचं नाव ‘संत्र्याच्या फोडींची संख्या : एक तुलनात्मक अभ्यास’ आणि बाकी एकोणीस गोष्टी कुणाला सांगायच्या नाहीत.

चौथा आलेखाचा. सरासरीच्या खांबावर जी उभी रेघ काढतात ती पसाऱ्याचीही असते आणि सरासरीच्या डळमळीचीही. डळमळीची रेघ नेहमी लहान. तीच काढा, आणि खाली कोणती काढली ते लिहू नका.

हे सगळं पाहून पांढुर्ण्याच्या गोटमारीची आठवण येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून, वर झेंडा लावून, एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्याला सावरगाव दगड घेऊन उभे राहतात. तिथेही दोन गटांची तुलनाच असते, दरवर्षी होते, आणि डोकी फुटतात. पण झेंडा कुणी काढला ते दोन्ही काठांना दिसतं. प्रकल्पात झेंडा काढलेला फक्त अहवाल लिहिणाऱ्याला दिसतो.

सरळ मार्गाने जायचं असेल तर

निकाल लिहिताना एवढं पुरे : नदीकाठच्या बागेतल्या पाच झाडांची सरासरी 146 ग्रॅम, बरडावरच्या बागेतल्या पाचांची 140. फरक सहा ग्रॅम, पण या आकड्यांवरून खरा फरक वजा साडेतीनपासून अधिक साडेपंधरापर्यंत कुठेही असू शकतो. ही हद्द कशी आली? 4.15 ला 2.306 ने गुणलं, साडेनऊ. सहाच्या खाली साडेनऊ, वर साडेनऊ. ‘फरक नाही’ असं लिहू नका. फरक नाही हे तुम्ही दाखवलेलं नाही. पाच झाडांत तो दिसण्याइतका मोठा नव्हता, इतकंच दाखवलं आहे. या दोन वाक्यांमधलं अंतर ज्याला कळलं त्याने प्रकल्प केला, बाकीच्यांनी संत्री जोखली.

मग सहा ग्रॅम खरे आहेत की नाही हे कळायला किती झाडं लागतील? त्याचा चालता हिशेब असा : पसाऱ्याच्या वर्गाला सोळाने गुणा, जो फरक पकडायचा त्याच्या वर्गाने भागा. 43 गुणिले 16 भागिले 36, साधारण 19. म्हणजे प्रत्येक बागेतली वीस झाडं घेतली तर फरक खरोखर सहा ग्रॅमचा असल्यास पाचातून चारदा तो सापडेल. हा हिशेब मोजायला जाण्याआधी करायचा असतो. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक 1954 पासून कृषी महाविद्यालयांतून फिरतं आहे. पानसे यांची उमेदीची वर्षं इंदूरला कापसावर गेली. प्रयोग आधी आखा, आकडे मग गोळा करा, ही शिकवण या दोघांनी आपल्याकडच्या शेतीशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्यांना दिली. पुस्तक ग्रंथालयात असतं. बहुधा कोरं असतं.

आणखी एक प्रश्न मामांना विचारायचा : सहा ग्रॅमने तुम्ही काही बदलाल का? हजारो झाडं मोजली तर अर्ध्या ग्रॅमचा फरकही सार्थ निघेल, पण अर्ध्या ग्रॅमसाठी कुणी कलम बदलत नाही की विहीर खणत नाही. बागाईतदाराला किती फरक पडला म्हणजे फरक पडतो, हे कोणत्याही तक्त्यात नसतं. ते बांधावर विचारून वहीच्या त्या पहिल्या पानावर लिहायचं. मामा म्हणतील, “वीस ग्रॅम असंल तं सांग, नाही तं चहा पी.” उत्तम. वीस ग्रॅमचा फरक पकडायचा तर हाच हिशेब दोन झाडांवर येतो. मात्र इतक्या थोड्या झाडांवर हे सूत्र चालत नाही, पसाराही धड कळत नाही, म्हणून पाच-सहा तरी घ्याच.

शेवटची सूचना वेळेची. चिठ्ठ्या, काटा, शिडी सगळं घेऊन आंबियाच्या तोडणीच्या आधी बागेत पोचा. इकडे व्यापारी उभी बाग नजरेने पाहून घेतो, आणि सौदा झाल्यावर झाडावरचं फळ मामांचं राहत नाही. 47 क्रमांकाच्या झाडाची दहा फळं तोडायला मग त्याची परवानगी लागते, आणि तो तुम्हाला स्वतःच निवडून देईल.